गाडी पुन्हा त्याच्याच हाती द्यावी काय?

कामकरी माणसाच्या घरात मोटारसायकल आली की ती घरातल्या कमावत्या माणसांत धरावी लागते. पहाटेची पाळी तिच्यावर, पोरांची परीक्षा तिच्यावर, रात्री-अपरात्री दवाखाना तिच्यावर. बाजाराचे पोते, गॅसची टाकी, आजारी आई, माहेरी निघालेली लेक या सर्वांना तिने वाहिलेले असते. तिचे हप्ते फिटेपर्यंत घरातल्या बाईने स्वतःला एक साडी घेतलेली नसते. अशी ही गाडी आपण दर दोन-तीन महिन्यांनी एका माणसाच्या हाती सोपवतो. संध्याकाळी तो किल्ली देतो, आपण पैसे देतो. मधल्या वेळात त्याने काय उघडले, काय बसवले आणि काय राहिले, हे आपल्याला कळत नाही. धुतलेली, पुसलेली गाडी तेवढी दिसते, आणि तेवढ्यावर आपण बायकोपोरांना मागे बसवून हमरस्त्याला लागतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा केवढा मोठा विश्वास आहे! डॉक्टरांना आपण चार प्रश्न विचारतो. मुलांच्या शिक्षकांना भेटून येतो. वाण्याचा तराजू डोळ्यांत तेल घालून बघतो. पण ज्या माणसाने घट्ट केलेल्या नटावर आपला जीव चालतो, त्याला आपण फारसे काही विचारीत नाही. आणि या माणसाच्या हातून एकदा चूक झाली, तर पुढे काय करावे, हे तर कुणी कुणाला शिकवलेले नसते. आमच्या घरावर हा प्रसंग आला, म्हणून हे चार शब्द.

आम्ही साताऱ्यात राहतो. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एका तरुणाचे गॅरेज आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण नावाने काही साधणार नाही. पोरगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला. वडील लवकर गेले. आईने धुणीभांडी करून त्याला आय.टी.आय. केले. दोन वर्षे पुण्याला दुसऱ्याच्या हाताखाली राबला आणि मग बचत गटाच्या कर्जावर कॉम्प्रेसर घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा धंदा मांडला. वस्तीतल्या बहुतेक गाड्या त्याच्याकडेच जातात. हात स्वच्छ, जीभ गोड, मजुरी वाजवी. आमची शंभर सीसीची गाडीही तीन वर्षे तोच बघत होता.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सांगलीला साडूंच्या नातवाचे नामकरण. मागचा ब्रेक नीट लागत नव्हता, म्हणून ब्रेक बघ, चेन ताण आणि ऑईल बदल, असे सांगून गाडी त्याच्याकडे दिली. रात्री आठला गाडी घरी आली. रविवारी सकाळी आम्ही दोघे निघालो.

सातारा ते सांगली हा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. उंब्रज, कराड, कासेगाव, नेर्ले करीत पेठ नाक्यावर आलो आणि महामार्ग सोडून डावीकडे आष्ट्याच्या वाटेला लागलो. तिथून पुढे ब्रेक दाबला की खालून टक् असा आवाज येऊ लागला. मागून मंडळी म्हणाल्या, "काहीतरी वाजतंय. थांबवा बघू." आष्ट्याजवळ एका पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी गाडी उभी केली.

म्हातारा खाली वाकला, चाकाच्या बाजूला बोट घातले आणि एकदम वर बघितले. "पाव्हणं, कुठनं आलायसा?"

"साताऱ्याहून."

"साताऱ्यापास्नं हितवर आसंच आलायसा? ह्या पट्टीच्या बोल्टाला नट न्हाई. पिन बी न्हाई. बोल्ट निम्मा भाईर सरकलाय."

ज्यांना यातले ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. पुष्कळशा साध्या मोटारसायकलींना मागे ड्रमचा ब्रेक असतो. ड्रम चाकाबरोबर फिरतो. लायनर बसवलेली प्लेट मात्र जागेवर स्थिर राहायला हवी. ब्रेक दाबला की लायनर फिरत्या ड्रमला घासतात आणि त्यांच्या ओढीने ती प्लेटही चाकाबरोबर फिरू पाहते. तिला फिरू न देण्यासाठी एक लोखंडी पट्टी असते. तिचे एक टोक प्लेटला आणि दुसरे गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेले असते. नट ढिला होऊन पडू नये म्हणून बोल्टाच्या टोकाला भोक पाडून त्यातून दुपाखी पिन घालतात आणि तिचे पाय दोन्हीकडे वाकवतात. गॅरेजमध्ये तिला स्प्लिट पिन किंवा कॉटर पिन म्हणतात. चार-दोन रुपयांची वस्तू. पण ती नसली तर हादऱ्याने नट फिरत फिरत निघतो, मग बोल्ट निघतो, आणि ऐन ब्रेक दाबताना प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते. ब्रेकचा रॉड वाकतो, चाक जागच्या जागी अडकते. मागे ट्रक असला तर पुढचे सांगायला नको.

म्हाताऱ्याने डब्यातून नट शोधला, नवी पिन घातली, तिचे पाय वाकवून दाखवले. वीस रुपये घेतले. निघताना एवढेच बोलला, "ज्यानं काम केलंया त्यालाच जाऊन दावा. दुसऱ्याला दावून काय उपेग?"

सांगलीला नामकरण आनंदात पार पडले. जेवणे झाल्यावर माणसे सतरंजीवर बसली आणि हा विषय निघाला. साडू सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. जन्मभर हळदीची पोती उचलून त्यांची पाठ वाकली आहे. ते म्हणाले, "दाजी, गप बसा. आपलं पोरगं हाय. कर्ज काढून उभं राहिलंय. तुम्ही तोंड उघडलं तर महिन्याभरात त्याच्या शेडला कुलूप लागंल."

त्यांच्या पुतण्याचे मत निराळे पडले. "मामा, सरळ कंपनीच्या शोरूमला द्यायची. दोनशे रुपये जास्त जातील. जीव राहिला तर पैसे मिळवाल."

तिसरे एक गृहस्थ म्हणाले, "सोमवारी जाऊन चार माणसांत त्याला उभा-आडवा घ्या. त्याशिवाय शिकायचा नाही."

साडूंच्या आईने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गाडीवर मागं कोन बसलं हुतं? तिला विचारलंसा का कुनी?"

आमच्या मंडळी तोवर भांड्यांजवळ होत्या. त्या पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मला त्याचा राग नाही आला. भीती वाटली. राग दोन दिवसांनी जातो, भीती जात नाही. ती पिन राहिली कशी, हे तो जोवर सांगत नाही, तोवर त्याच्या हातच्या गाडीवर मी बसणार नाही. मग तो आपला असो की परका."

आम्हाला वाटते, त्या बैठकीत नेमका मुद्दा फक्त याच बोलण्यात होता. गप्प बसा म्हणणारा आणि चार माणसांत घ्या म्हणणारा, दोघेही त्या पोराचे काय करायचे ते सांगत होते. पिन कशी राहिली, हे कुणी विचारीत नव्हते. ते कळल्याशिवाय माफी द्यावी की शिक्षा, हे ठरणार कसे?

'आपलं पोरगं' हा शब्द मात्र परत येताना डोक्यात राहिला. तो शब्द हलका नाही. वाहन आणि आपली माणसे यांचा संबंध साताऱ्याच्या मातीत फार जुना आहे. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरले. वडील गोरेगावला नोकरीवर होते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा सौदा झाला. जे मसूर आम्ही आज उंब्रज-कराडच्या वाटेवर डावीकडे सोडून जातो, तेच हे मसूर. आज आपल्या वस्तीतल्या मुलाच्या हाती पाना आहे, त्याच्या शेडपुढे सगळ्या जातींच्या गाड्या उभ्या राहतात, याची किंमत आपण समजतो. म्हणून साडूंचे बोलणे आम्हाला टाकून द्यावेसे वाटले नाही.

परंतु बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत मसूरच्या पुढची एक हकिकत आहे, आणि ती आपण कमी वेळा सांगतो. १९२९ साली ते सरकारी चौकशी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी आग्रह केला. पण टांगेवाले त्यांना न्यायला नकार देऊ लागले. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा मिळाला, हाकणारा मिळेना, तेव्हा आपल्यातलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनी त्या लोकांना दोष दिला नाही, त्यांची माया ओळखली. पण पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्या गडबडीत ध्यानात राहिले नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे.

आम्ही यातून एवढेच घेतले. लगाम हाती घेणारा आपला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्याला लगाम धरता येतो की नाही, हा प्रश्न त्याने मिटत नाही. आपलेपणाने दार उघडावे. आत आल्यावर मात्र काम बघावे. आपल्या मुलाच्या कामाला कमी माप लावणे म्हणजे त्याच्याकडून कमीच अपेक्षा धरणे, आणि तो त्याचा मान नव्हे.

सोमवारी पाळी सुटल्यावर आम्ही दोघे गॅरेजवर गेलो. शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हते, अशी वेळ मुद्दाम साधली. म्हाताऱ्याने बसवलेला नट दाखवला आणि काय झाले ते सांगितले.

चूक दाखवली की या धंद्यात तीन उत्तरे ठरलेली असतात. "रस्तेच तसले आहेत, त्याला मी काय करू?" "तुम्हीच कुठंतरी आपटली असंल." आणि "आमच्याकडं असं होतच नाही." यांतले एक जरी कानांवर पडले असते, तर आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो असतो.

पोराचा चेहरा उतरला. पहिला शब्द त्याने विचारला तो, "काकी मागं हुत्या?" आम्ही हो म्हटल्यावर तो गाडीजवळ खाली बसला आणि बराच वेळ त्या बोल्टाकडे बघत राहिला. मग उठून फळीवर हात फिरवला. पानांच्या डब्यामागून कागदाची एक पुडी काढली. न उघडलेली. आत नव्या पिना होत्या.

"काका, कळलं," तो म्हणाला. "ब्रेकप्लेट उघडली, लायनर घासून साफ केलं, परत बसवलं. पट्टीचा नट हातानं लावला. जुनी पिन काढताना मोडली हुती, डब्यात नवी नव्हती. पोराला दुकानात धाडला. तेवढ्यात एक जण पंक्चर गाडी ढकलत आला. त्याचं केलं. पोरानं पुडी आणून फळीवर ठेवली, मला वाटलं बसवली. मग चेन ताणली, ऑईल वतलं, गाडी धुतली. नट आवळायचाच राहिला."

त्याने 'चुकलो' असा शब्द अजून काढला नव्हता. आमच्या मंडळींकडे बघवत नव्हते त्याला. पण पुढे त्याने जे केले, ते आम्हाला माफीपेक्षा मोठे वाटले. वही काढली, शनिवारचे पान उघडले, आणि बोट फिरवत म्हणाला, "त्या दिवशी मागची चाकं आनखी दोन गाड्यांची उघडल्याती." तिथल्या तिथे त्याने दोघांना फोन लावला. गाडी बाहेर काढू नका, मी येतोय, असे सांगितले. एक गाडी गोडोलीत होती, दुसरी कोरेगावला. पाना आणि ती पुडी खिशात घालून, शेड बंद करून तो निघाला. धंद्याची संध्याकाळ होती. रात्री उशिरा त्याचा फोन आला. दोन्ही गाड्या ठीक होत्या.

वाचकहो, आम्ही कारखान्यात काम करतो, म्हणून या गोष्टीकडे कारखान्याच्या नजरेने पाहण्याची आम्हाला सवय आहे. सातारा हे एके काळी स्कूटर बनवणारे गाव. १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या येथील कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. आता तेथे स्कूटर बनत नाहीत. पण गाड्या जुळवण्याच्या कोणत्याही कारखान्यात एक रीत असते. एक जण नट आवळतो, दुसरा तपासतो, आणि तपासलेल्या नटावर रंगाचा ठिपका देतात. आवळणारा वाईट आहे म्हणून तपासणारा ठेवत नाहीत. माणसाचे लक्ष दिवसभरात कधीतरी ढळणार, हे धरूनच काम आखलेले असते. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र आवळणारा तोच, तपासणारा तोच, गाडी धुणारा तोच आणि पैसे घेणाराही तोच. त्यातच पंक्चरवाले गिऱ्हाईक येऊन उभे राहते.

या विचारातून आमच्या लक्षात आले की मेस्त्रीवरचा विश्वास हा एकच एक पदार्थ नाही. त्याचे तीन भाग पडतात. पहिली नियत, दुसरा हात, तिसरी कामाची रीत. नियत खोटी असेल, म्हणजे जुना पार्ट घालून नव्याचे पैसे घेत असेल किंवा विचारल्यावर खोटे बोलत असेल, तर तिथे गाडी पुन्हा देऊ नये. मग तो सख्खा भाऊ का असेना. हात कच्चा असेल, तर त्याला हळूहळू शिकू द्यावे. ऑईल, चेन, केबल अशी कामे द्यावीत. ब्रेक आणि चाक जाणत्याकडे न्यावे. आणि नियत व हात दोन्ही चांगले असून रीत नसेल, तर रीत बदलते का ते बघावे. आमच्या या पोराच्या नियतीवर डाग नव्हता. तीन वर्षांत त्याचा हातही आम्ही पाहिला होता. पिन राहिली ती रीत नसल्यामुळे.

आमच्या मंडळींनी त्याला दुसऱ्या दिवशी सरळ विचारले, "आता पुन्हा राहणार नाही कशावरून?" तो म्हणाला, "ध्यान देऊन करीन, काकी." त्या म्हणाल्या, "ध्यान तर त्या दिवशीही दिलंच होतंस. ध्यानाचं सांगू नकोस. काय करणार ते सांग." मग दोघांनी बसून ठरवले. चाक किंवा ब्रेक उघडला की गाडीच्या हँडलला लाल फडके बांधायचे. काम पुरे करून सगळे नट पुन्हा तपासल्याशिवाय फडके सोडायचे नाही. मध्ये कितीही मोठे गिऱ्हाईक आले तरी उघडा ब्रेक तसाच सोडून उठायचे नाही. आणि तपासलेल्या नटावर रंगाची एक रेघ ओढायची, नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. अडाण्यालाही कळते. रंग कुठून आणायचा म्हणाल, तर मंडळींनी घरातली नेलपॉलिशची बाटली नेऊन दिली. लग्नाकार्याखेरीज ती कधी उघडली जात नव्हती. आता ती गॅरेजच्या फळीवर असते.

वस्तीत गोष्ट लपत नाही. सांगलीहून बातमी आमच्या आधी साताऱ्यात पोचली होती. नळावर, चहाच्या टपरीवर विचारणा होऊ लागली, "तुमच्या गाडीचं काय झालं म्हणे?" येथे आमची खरी कसोटी होती. काहीच झाले नाही म्हणावे, तर ज्यांच्या गाड्या त्याच्याकडे जातात त्यांना आपण अंधारात ठेवतो. नुसते "नट निघाला, मरता मरता वाचलो" म्हणावे, तर एका विधवेने भांडी घासून उभा केलेला संसार आपल्या चार शब्दांनी मोडतो. दोन्हीही अर्धे सत्य झाले असते. आम्ही ठरवले, विचारणाऱ्याला दोन्ही अर्धे सांगायचे. पिन राहिली हेही, आणि कळल्यावर त्याने शेड बंद करून दोन गाड्या तपासल्या हेही. पुढचे ज्याचे त्याने ठरवावे. तीन-चार जणांनी गाडी दुसरीकडे नेली. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा जीव, त्याचा निर्णय. बाकीचे राहिले.

आम्ही गाडी त्याच्याकडेच देतो. पण एकदम दिली नाही. आधी ऑईलचे काम दिले. पुढच्या खेपेला चेन दिली. मागचे चाक उघडायची पाळी आली, तेव्हा मंडळी स्टुलावर बसून राहिल्या आणि लाल फडके सुटेपर्यंत उठल्या नाहीत. पोरालाही त्याचे वाईट वाटले नाही. रेघ ओढून झाल्यावर त्याने बॅटरीचा उजेड पाडून त्यांना पिन दाखवली. त्यानंतर त्या गाडीवर मागे बसू लागल्या. आम्ही किती सांगितले असते तरी हे झाले नसते.

शोरूमला द्या म्हणणाऱ्या पुतण्याचे बोलणेही आम्ही वाया जाऊ दिले नाही. शोरूमच्या कामातही माणसेच असतात, आणि चूक तिथेही होऊ शकते. पण तिथे काय काम सांगितले आणि काय केले, याचा कागद मिळतो. हा कागद पत्र्याच्या शेडमध्ये का मिळू नये? आता आमचा मेस्त्री साध्या वहीच्या पानावर लिहून देतो. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, केलेली कामे, घेतलेले पैसे. या कागदाला कायद्यातही किंमत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्यात सेवा धरली जाते. सेवेत कसूर झाली व समोरचा ऐकेना, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. नुसता सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. पण दार कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

गाडी गॅरेजवरून घेताना पाच मिनिटे काढून एवढे जरूर करावे. एक, मेस्त्रीला विचारावे की आज काय काय उघडले. उघडले तेवढेच चुकण्याचा संभव असतो, तिथेच बोट ठेवून दाखवायला सांगावे. दोन, मागच्या चाकाजवळ बसून ब्रेकच्या पट्टीची पिन आणि चाकाचा मोठा नट डोळ्यांनी पाहावा. वाकवलेली पिन पुन्हा वापरू नये, दर वेळी नवी घालावी. तीन, बदललेले जुने पार्ट परत मागावेत. चार, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून ऑईल पाहावे आणि खाली थेंब पडतो का ते बघावे. पाच, मागे कुणाला न बसवता आधी गल्लीत एक फेरी मारावी, दोन्ही ब्रेक हळू लावून आवाज ऐकावा. चेन किती ढिली असावी, ब्रेकला किती खेळ असावा, याचे आकडे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतात. ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी न ठेवता शाळेत जाणाऱ्या पोरांकडून वाचून घ्यावे. आणि पोरींनाही ते वाचू द्यावे. आमच्या घरात गाडीचा आवाज आधी मागे बसलेल्या बाईलाच ऐकू आला होता.

मेस्त्रीचे काम करणाऱ्या आपल्या तरुण भावांनाही एक सांगावेसे वाटते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी सर्वांना ठाऊक आहे. १९१० साली ती वसली. पण त्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. विश्वास मागून मिळत नाही, आणि एकदा मिळाला म्हणून कायमचा राहतही नाही. तो दर गाडीगणिक, दर नटागणिक पुन्हा मिळवावा लागतो. गिऱ्हाईक चूक दाखवायला परत आले, तर समजा की ते अजून तुमचेच आहे. ज्याचा विश्वास उडाला, तो परत येत नाही. तो न सांगता दुसऱ्या गॅरेजच्या रस्त्याला लागतो.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण? गोड बोलण्यावर भुलू नये, एका चुकीवर माणूस कापून टाकू नये, आणि आपला म्हणून डोळे मिटू नयेत. चूक कशी झाली ते विचारावे. उत्तर देताना तो आपली मान सोडवतो की दुसऱ्या गाड्यांची चिंता करतो, ते पाहावे. मग घरात सगळ्यांना विचारून, मागे बसणाऱ्याला सर्वांत आधी विचारून, ठरवावे. आमच्या घरी असे ठरले. आपल्या घरी आपण ठरवाल.

जयभीम.